नववीच्या मुलांना आर्डुइनो शिकवतोय: गाडी जमिनीवर ठेवली की बोर्ड रिसेट, आणि मुलं कोड नुसता उतरवतात

विज्ञान_मास्तर (जत)

नमस्कार मंडळी. जत तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान-गणित शिकवतो. आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शालेय प्रयोगशाळा) नाही. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने पाच किट भेट दिले होते. त्यात आर्डुइनो उनो (कोड चढवायचा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज देणारा बोर्ड), पिवळ्या बीओ मोटर, अल्ट्रासॉनिक सेन्सर, रेषा ओळखणारे आयआर सेन्सर, एक छोटी सर्व्हो (हव्या त्या कोनात वळणारी मोटर) आणि वायरींचा गुंता. वर्षभर कपाटात पडून होते. या जूनपासून शनिवारची शाळा सुटली की नववीच्या पंधरा-सोळा मुलांना घेऊन बसतो. लॅपटॉप चार, त्यातला एक चार्जर काढला की मान टाकतो.

अडचणी दोन. पहिली, या किटातून केलेल्या छोट्या गाडीची. टेबलावर चाकं अधांतरी ठेवली की सगळं छान चालतं. जमिनीवर ठेवली की हिसका देते, थांबते, परत हिसका. दर हिसक्याला बोर्डावरचा दिवा मिचकतो. बॅटरी किटसोबत आलेली ९ व्होल्टची चौकोनी आहे, नवीकोरी. आणखी एका गाडीत वेगळंच. सर्व्हो जोडल्यापासून एका बाजूची मोटर वेगाचं ऐकतच नाही, एकतर फुल नाहीतर बंद.

दुसरी अडचण मोठी आहे. मुलं इंटरनेटवरून कोड उतरवतात, गाडी चालते, टाळ्या पडतात. पुढच्या शनिवारी "ही वायर ७ ऐवजी ८ नंबरच्या पिनला लावली तर कोडात काय बदलशील?" असं विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. शिवाय मुली वहीत आकृत्या काढत बसतात आणि वायरी मुलग्यांच्या हातात, हेही दिसतंय मला. पालकसभेत एकांनी विचारलं, "सर, याचे दहावीला मार्क किती?"

मी स्वतः बीएस्सी फिजिक्स. प्रोग्रॅमिंग व्हिडिओ बघून शिकलो. ब्लॉकने (पडद्यावर तयार तुकडे जोडून कोड करणं) सुरुवात करू की थेट सी भाषेने? आणि कोड उतरवायची ही सवय कशी मोडू?


पुणेरी_पायथॉन

सर, आधी मनापासून कौतुक. शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणारे शिक्षक कमीच.

पण उनो कशाला? तो बोर्ड २०१०चा आहे. १६ मेगाहर्ट्झ आणि २ केबी रॅम. जवळपास त्याच पैशांत ईएसपी३२ येतो, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ अंगचंच. त्यावर मायक्रोपायथॉन (छोट्या बोर्डांसाठीची पायथॉन भाषा) टाका. अर्धविरामांची भानगड नाही, कंपाइल करत बसणं नाही, एक ओळ लिहिली की लगेच दिवा लागतो. मोबाइलवरून गाडी चालवता आली की पोरं वेडी होतात, माझ्या पुतण्यावर प्रयोग झालेला आहे.

पाचवी-सहावीची असती तर मायक्रोबिट हा शाळकरी मुलांसाठीचा बोर्ड सुचवला असता. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या जवळपास १० लाख मुलांना तो फुकट वाटला होता, आणि ब्लॉकवरून पायथॉनवर जायला तो झकास आहे. नववीला ब्लॉक नकोत, त्यांना ते बाळबोध वाटतं.

लॅपटॉप कमी आहेत तर वोकवी ही वेबसाइट बघा. ब्राउझरमध्येच आर्डुइनोचं सर्किट जोडून कोड चालवता येतो, मोबाइलवरही कसंबसं चालतं. सामान हवं तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घेऊन पाठवतो, सांगा.


मीटरवाली (इचलकरंजी)

मास्तर, ती चौकोनी बॅटरी गाडीतून काढा आणि मल्टिमीटरमध्ये घाला. ती त्याच कामाची आहे.

तिच्यावर ९ व्होल्ट लिहिलंय ते खरं, पण तिच्याकडे कुणी काही मागत नाही तोवरच. पिवळी मोटर रिकामी फिरताना शंभर-दीडशे मिलिअँपिअर खाते, आणि जागेवरून उठताना त्याच्या कितीतरी पट. दोन मोटर एकदम उठल्या की बॅटरीचा आतला रोध आडवा येतो आणि व्होल्टेज धाडकन खाली बसतं. उनोवरच्या चिपचं व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं की ती स्वतःला रिसेट करून घेते, तशी तिच्यात सोयच केलेली असते. रिसेट झाला की मोटर थांबतात. थांबल्या की व्होल्टेज वर येतं, कोड पहिल्यापासून सुरू, परत मोटर, परत रिसेट. तुमचा हिसका तो हाच. टेबलावर चाकांना ओझंच नसतं, म्हणून तिथं गाडी गुणी.

पण हे पोरांना सांगू नका. मीटर द्या हातात. बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा आणि आकडा लिहायचा, मोटर बंद असताना, मग चाकं अधांतरी फिरताना, मग चाकं क्षणभर हातानं दाबून धरल्यावर. तिसरा आकडा दिसला की एक तरी पोरगं "अय्या!" म्हणतंच. तुमच्या नववीच्या पुस्तकात धाराविद्युत हा धडा आहेच. विभवांतर, रोध, ओहमचा नियम. मराठी माध्यमाच्या पोरांचे हे शब्द तोंडपाठ असतात, फक्त मीटरच्या काट्यावर किंवा पडद्यावर ते कधी बघितलेले नसतात.

बॅटरीच्या जागी रिचार्ज होणारे सहा पेन्सिल सेल घ्या, निकेल मेटल हायड्राइडचे. प्रत्येकी १.२, मिळून ७.२ व्होल्ट. त्यातले दोनेक व्होल्ट एल२९८एन स्वतःच गिळतो (त्याची काळी पट्टी तापते ती त्यामुळे), तरी मोटरला पाच उरतात, तेवढे बास. ड्रायव्हरवरच ५ व्होल्टचं टर्मिनल असतं, तिथून उनोच्या ५ व्होल्टच्या पिनला वायर न्या. कोड चढवायला यूएसबी लावताना ती वायर काढायची. आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) सगळ्यांचं एकच. बोर्डाला वेगळी पॉवर बँक लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळानं आपोआप बंद पडतात, कारण एकटा उनो पन्नासेक मिलिअँपिअरच घेतो आणि त्यांना वाटतं की कोणी काही जोडलेलंच नाही.

लिथियमचे १८६५० सेल या वयाच्या पोरांना देऊ नका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सोडवलेले तर अजिबातच नको. खिशात किल्ल्यांबरोबर टाकला एखाद्यानं तर पँट पेटेल, मी अतिशयोक्ती करत नाही.

आता ती सर्व्होवाली गाडी. रुसलेल्या मोटरची वेगाची वायर ९ किंवा १० नंबरला असणार, पैज लावते. उनोवर पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग कमीजास्त करणारा सिग्नल) ३, ५, ६, ९, १० आणि ११ ला मिळतो. सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) चालू झाली की ती टायमर १ (चिपमधलं एक घड्याळ) ताब्यात घेते आणि ९-१० वरचा पीडब्ल्यूएम जातो. वायर ५ ला न्या, कोडात आकडा बदला. बघा, तुमचा पिन बदलायचा प्रश्न आपोआप आला की नाही! हीच गाडी उत्तर न सांगता पोरांपुढं ठेवा.

कोड उतरवण्याबद्दल. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड शिकवते आणि रविवारी गल्लीतली आठवी-नववीची पोरं घेऊन बसते. माझ्याकडं गाडी दिवाळीपर्यंत बाहेर निघत नाही. गाडीत एकदम दहा गोष्टी बिघडू शकतात आणि पोराला त्यातली एकही नीट कळत नाही, मग उतरवण्याशिवाय त्यानं करावं तरी काय?

पहिला एक एलईडी. ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण २ गेले, राहिले ३, रोध २२० ओहम, म्हणजे साडेतेरा मिलिअँपिअर. आधी वहीत हिशेब, मग मीटरनं मोजायचं, मग दोन आकडे जुळत नाहीत त्यावर भांडायचं. पिनला ४० मिलिअँपिअर ही शेवटची हद्द आहे, हे कळलं की "मोटर सरळ पिनला का नाही लावायची?" हा प्रश्न पोरंच विचारतात. ड्रायव्हर कशाला हवा ते तेव्हा कळतं.

मग माझा आवडता तास, फॉल्टचा. चालू सर्किट करून दाखवायचं, मग पोरांना बाहेर पाठवून एक, फक्त एकच, बिघाड करायचा. एलईडी उलटा लावायचा. ग्राउंडची वायर एक भोक बाजूला सरकवायची. आतून तुटलेली पण वरून धडधाकट दिसणारी जंपर वायर लावायची, अशा वायरी मी जपून ठेवते, सोनं आहे ते. कोडात पिनचा आकडा बदलायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या ब्रेडबोर्डची (वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीची) लाल-निळी पट्टी, काही बोर्डांत ती मधोमध तुटलेली असते, डावीकडं ५ व्होल्ट आणि उजवीकडं शून्य. नियम एकच, मोजल्याशिवाय वायर हलवायची नाही. "हलवून बघतो" म्हणणाऱ्याच्या हातातून वायर काढून घेते मी. आधी काय मोजलं, किती आलं, किती यायला पाहिजे होतं, हे सांग, मग हात लाव.

उतरवलेला कोड या तासाला उपयोगी पडत नाही, कारण कोड बरोबरच असतो आणि दिवा लागत नसतो.

मुलींचं म्हणाल तर चिठ्ठ्या टाका. गटात एकाकडं मीटर, एकाकडं वायरी, एकाकडं कीबोर्ड. अर्ध्या तासानं फिरवा. वहीवाला वेगळा ठेवूच नका, जो मोजेल तो लिहील. मुलग्यांची कुरकूर दोन रविवार टिकते.

भाषा थेट सीच. व्हेरिएबलची नावं मराठी ठेवू द्या, डावी_मोटर, उजवी_मोटर असं इंग्रजी अक्षरांत. कॉमेंट (कोडातल्या टिपा, ज्या चिप वाचत नाही) मात्र देवनागरीत चालतात, आर्डुइनोला काही दुखत नाही. अर्धविराम विसरला की चुकीची ओळ म्हणून तो बहुतेकदा पुढची ओळ दाखवतो, एवढं एक सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर पोरं नको तिथं शोधत बसतात.

पायथॉनवाले दादा, ईएसपी३२ चांगला आहे, मीही वापरते. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि मास्तरांच्या किटातला अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टचा एको परत पाठवणार. तो सरळ जोडला की ईएसपीची पिन आज ना उद्या मरते. उनो ५ व्होल्टचाच, मारही खातो. लांब काळी चिप सॉकेटमध्ये बसवलेला प्रकार असेल तर जळलेली चिप स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून बूटलोडर (कोड चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) घातलेली नवी बसवता येते. वोकवीबद्दल म्हणाल तर कोडाच्या सरावाला वापरा, पण त्यात वायर सैल होत नाही आणि बॅटरी उतरत नाही, म्हणजे माझा अर्धा अभ्यासक्रमच नाही.

पालकांना सरळ सांगा, दहावीला शून्य मार्क.


विज्ञान_मास्तर (जत)

ताई, काय सांगू! मोटरची वेगाची वायर ९ लाच होती. तुम्ही म्हणालात तसं काही न बोलता गाडी पुढ्यात ठेवली. तासभर गेला. शेवटी एका मुलीने सर्व्होच्या ओळी कॉमेंट करून (म्हणजे तात्पुरत्या बंद करून) बघितल्या आणि मोटर वेगाचं ऐकायला लागली. "म्हणजे भांडण या दोघांचं आहे सर," म्हणाली. तिला टायमरबद्दल काही माहीत नव्हतं.

पालकांना शून्य मार्क सांगितले. ते म्हणाले, मग पंखा तरी दुरुस्त करेल का? मी म्हटलं, बघू.

आता पुढचं विचारतो. रेषेवरून चालणारी गाडी आमच्या व्हरांड्यात सकाळी सरळ चालते आणि अकराच्या पुढे भरकटते. ऊन थेट अंगावर येत नाही, तरी. आणि कोडात जागोजागी डिले (ठरावीक वेळ थांबायची आज्ञा) टाकलेत, वळणावर गाडी रेषा ओलांडून जाते. हे दोन्ही एकदम सोडवायचं की एकेक? आणि गाडी झाल्यावर काय? दरवर्षी गाडीच करायची का, असा प्रश्न मुलांनाच पडलाय.


मीटरवाली (इचलकरंजी)

त्या मुलीला शाबासकी सांगा. "दोघांचं भांडण" हे निदान माझ्या दुसऱ्या वर्षाच्या ट्रेनीलाही लवकर सुचत नाही.

ऊन. आयआर सेन्सर अवरक्त प्रकाश टाकतो आणि जमिनीवरून किती परत आला ते बघतो. उन्हात अवरक्त भरपूर. व्हरांड्यात थेट ऊन नसलं तरी बाहेरच्या फरशीवरून उडालेलं आत येतं, आणि सेन्सरला काळ्या पट्टीवरही पांढरंच दिसतं. सेन्सर जमिनीपासून अर्धा ते एक सेंटीमीटरवर आणा आणि भोवती काळ्या चार्टपेपरचा झगा लावा, जमिनीला टेकेल न टेकेल असा. त्याआधी सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी) आकडे बघायला लावा. सेन्सरचा अॅनालॉग आकडा ० ते १०२३ मध्ये येतो. पांढऱ्यावर किती, काळ्यावर किती, नऊ वाजता आणि अकरा वाजता, असा तक्ता करा. मधला आकडा कोडात ठोकून लिहिलेला असतो, तो अकरा वाजता खोटा पडतो. मग पोरंच म्हणतील की गाडीनं निघायच्या आधी काळं-पांढरं स्वतः वाचून मधला आकडा काढावा. सेन्सरमधला प्रकाश मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो, पुढच्या कॅमेऱ्यातून बहुतेक फोनवर. टीव्हीचा रिमोटही तसाच बघून घ्या, वर्गात जाम गंमत येते.

डिले वेगळा शिकवा, गाडीवर नाही. दोन एलईडी द्या, लाल दर सेकंदाला आणि हिरवा दर ७०० मिलिसेकंदाला मिचकवायचा. डिले वापरून बघू दे किती वेळ बघायचं ते. डिले चालू असताना चिप दुसरं काही करत नाही, बटणही बघत नाही आणि रेषाही बघत नाही, हे त्यांना इथं कळतं. मग मिलिस. बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते तो सांगतो, आपण फक्त "मागच्या वेळेपासून किती झाले?" एवढं विचारत राहायचं. हे एकदा जमलं की वळणावर गाडी रेषा का सोडते ते सांगावं लागत नाही.

गाडी सरळ चालत नाही ही तक्रारही येईल. दोन मोटर सारख्या नसतातच. वेगाचा आकडा एका बाजूला २०० द्या, दुसऱ्या बाजूला १८५, चालवून ठरवा. ७०-८० च्या खाली मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.

गाडीनंतर काय? मास्तर, गाडी हे निमित्त आहे. दरवर्षी गाडी करू नका. तुमच्याकडं डाळिंब असेल, ड्रिप असेल, शेळ्या असतील. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हेच चाललंय. डॉ. कलबागांनी पोरांना गावातलीच खरीखुरी कामं करायला लावून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढं तिथं अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं फॅब लॅबही (वस्तू बनवायची कार्यशाळा) आली. एकदा पोरं घेऊन जाऊन या.

आमच्याकडं लूम (यंत्रमाग) आहेत. गल्लीत दिवसरात्र खडखडाट. माझ्या वर्गातल्या एका नववीच्या मुलीचे वडील लूमवर आहेत. पगार विणलेल्या कापडावर, म्हणजे शेवटी पिकांवर, शेतातल्या नव्हे, लूमच्या. धोटा एकदा इकडून तिकडं गेला की एक पीक, आणि साध्या लूमवर क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पीक. तिला पिकं मोजायचं यंत्र करायचं होतं.

पहिल्यांदा तिनं शाफ्टच्या पुलीवर लोहचुंबक चिकटवला आणि समोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) लावला. आकडा वेड्यासारखा पळायला लागला. घरी वडिलांनी मनात मोजलेले फेरे आणि यंत्राचा आकडा यांत दुपटीहून जास्त फरक. रीड स्विचची पाती जुळताना दोन-चारदा थरथरते आणि चिपला ते सगळे ठोके वेगळे दिसतात. आता बघा पोरगीनं काय केलं. लूम मिनिटाला जास्तीत जास्त १५० फेरे घेईल असं धरलं, म्हणजे दोन फेऱ्यांत ४०० मिलिसेकंद. मग १०० च्या आत आलेला दुसरा ठोका खोटाच, तो मोजायचा नाही. हा हिशेब तिचा, मी फक्त खडू दिला. नंतर आम्ही रीड स्विच काढून हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारी चिप) लावला, ए३१४४, त्याला पातीच नाही. प्रकाशाचा सेन्सर तिथं चालत नाही, कापसाची धूळ दोन दिवसांत त्याच्यावर बसते. जंपर वायरी थरथरीनं निघून यायच्या, म्हणून सगळं सोल्डर केलं. उनोवर बाहेरचा इंटरप्ट (ठोका आला की चिपला हातातलं काम थांबवायला लावणारी सोय) २ आणि ३ नंबरच्या पिनला येतो, सेन्सर २ ला.

मग आली लाइट जायची भानगड. लाइट गेली की आकडा शून्य, आणि वडील म्हणाले असलं यंत्र मला नको. उनोत १ केबीची ईईप्रॉम असते, त्यात लिहिलेलं लाइट गेली तरी राहतं. पोरीनं दर पिकाला आकडा ईईप्रॉममध्ये लिहायचा कोड केला आणि तो उत्तम चालला. मी तिला डेटाशीटचं (चिपच्या माहितीपत्रकाचं) एक पान वाचायला दिलं, एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची हमी. तिनं एक लाखाला १५० नं भागलं. ६६६ मिनिटं, अकरा तास. लूमची पाळी बारा तासांची! एका पाळीत हमी संपली. कपाळाला हात लावून बसली बिचारी. आता दर ५०० पिकांना एकदा लिहितं, आणि लाइट गेल्यावर ५०० च्या आतला फरक वडिलांना मान्य आहे. कबूल करून घेतलं तिनं त्यांच्याकडून, वहीत सही आहे.


डिप्लोमा_सेकंड_इयर

मीटरवाली मॅडम, ईईप्रॉमचं गणित आत्ता करून बघितलं. आमच्या मायक्रोकंट्रोलरच्या पेपरला ईईप्रॉमवर टीप लिहिली होती मी, पण अकरा तास कधी डोक्यात आले नाहीत.

मास्तर, मी आठवीत असताना एका खासगी क्लासला जायचो. सगळे कनेक्टर रंगीत, एका बाजूनेच बसणारे, चुकायची सोयच नाही. सुट्टीत तीन रोबोट करून आलो, आईने स्टेटसला फोटो टाकले. डिप्लोमाला पहिल्या प्रॅक्टिकलला वायरचं इन्सुलेशन सोलता येईना. त्यामुळे एकच विनंती, सोल्डरिंग लवकर शिकवा. २५ वॉटची गन पुरते, खिडकीजवळ बसवा, नंतर हात धुवायला लावा, कारण सोल्डरमध्ये शिसं असतं.

आणि स्पर्धेला मुलं नेणार असाल तर हे लक्षात ठेवा. आमच्या एका स्पर्धेत आयोजकांनी रेषा काळ्या मार्करने काढली होती. माणसाला काळीकुट्ट दिसते, पण काही मार्करची शाई अवरक्त प्रकाश शोषतच नाही, सेन्सरला तो कागद कोराच. निम्म्या गाड्या जागेवर गोल फिरत होत्या. इन्सुलेशन टेपवर चालते, काजळीवर चालते. वर्गात काळ्या वस्तूंचा एक ढीग करा, टेप, मार्कर, छत्रीचं कापड, काळी पाटी, काळा चार्टपेपर, आणि सेन्सरला कुठलं काळं "काळं" वाटतं ते बघा. मॅडम, तुमच्या त्या झग्याचा कागदसुद्धा आधी तपासून घ्यावा लागेल.


मीटरवाली (इचलकरंजी)

बरोबर बोललास बाळा. कागद तपासूनच घ्या मास्तर, नसेल चालत तर काळी टेप चिकटवा त्यावर.


विज्ञान_मास्तर (जत)

काळ्या वस्तूंचा ढीग या शनिवारीच. मुलांना घरून आणायला सांगितलं आहे, एकाने काळी कोंबडी चालेल का विचारलं.

सेलची ऑर्डर देतोय. पाच गाड्या, म्हणजे तीस सेल. चार्जर कुठला घेऊ? आणि चारपैकी एका लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही, पोर्टच येत नाही. यूएसबीचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) टाकून झाला.


मीटरवाली (इचलकरंजी)

प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर घ्या, ज्याला सेलगणिक वेगळा दिवा असतो तो. दोन-दोनच्या जोडीनं चार्ज करणारा स्वस्तातला नको, एक सेल भरतो आणि जोडीदार अर्धा राहतो. सेलवर गाडीचा नंबर मार्करनं लिहा, एका गाडीचे सहा सेल दुसऱ्या गाडीत मिसळू देऊ नका. सहातला एक जरी थकलेला निघाला तरी बाकीचे पाच त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, तो उलटा चार्ज होतो आणि पुरता मरतो.

लॅपटॉपचं म्हणाल तर केबल बदला आधी. पुष्कळ यूएसबी केबलींत नुसत्या चार्जिंगच्या दोन वायरी असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो म्हणून संशय येत नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर चालणारी केबल इकडं लावून बघा. चालली तर जुनी केबल फेकू नका, फॉल्टच्या तासाला ठेवा.

कोंबडी चालेल. पण आकडा ती उभी राहील तेवढ्यात घ्या.